‘पार्किंग कुठे दाखवलंय?’

इमारतींचे नकाशे पास करून देण्याच्या धंद्यात मला बरीच वर्षं झाली. या वर्षांत मी शेकडो मोटारी काढल्या असतील, सगळ्या कागदावर. अडीच मीटर बाय पाच मीटरचा आयत, आत ‘सी-१’, ‘सी-२’ असे आकडे, आणि शेजारी एक बाय दोनच्या खोक्यांत दुचाकी. त्यातल्या कितीतरी जागी आज गाडी उभी नसते. काही जागी तर ती कधी उभी राहूच शकणार नव्हती. त्यातली एक मला चांगली आठवते.

जुन्या पेठेतली जागा. शहराचं नाव सांगत नाही, कारण यात मी एकटा नाही. समोरचा रस्ता म्हणजे बोळच. पुढून रिक्षा आली की स्कूटरवाला शेजारच्या पायरीवर पाय टेकून उभा राहतो. मालकांचं खाली भांड्यांचं दुकान आणि वर राहतं घर. वाडा पडायला आलेला, म्हणून उतरवून नवं बांधायचं. खाली दुकान, पहिल्या मजल्यावर गोडाऊन आणि हिशेबाची खोली, वर राहायला दोन खोल्या. साधं काम. फाइल आत गेली आणि पहिलाच प्रश्न आला, “पार्किंग कुठे दाखवलंय?”

मग पार्किंग दाखवलं. दुकानाची पुढची निम्मी जागा मोकळी सोडली आणि तिथे दोन मोटारी एकावर एक चढवल्या. स्टॅक पार्किंग म्हणतात ते. त्या बोळातून मोटार आत वळवायची तर समोरच्यांचा जिना पाडावा लागला असता. हे मला माहीत होतं, मालकांना माहीत होतं, आणि नकाशावर सही करणाऱ्यालाही माहीत असावं, कारण सही करताना त्यानं मान वर केली नाही. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळालं. दिवाळीच्या आधी त्या ‘पार्किंग’ला शटर बसलं आणि आत पिंपं, कुकर, कढया लागल्या. मालकांकडे मोटार तेव्हाही नव्हती, आजही नाही.

कायद्यानं बघितलं तर तो आता मंजूर नकाशाचा भंग आहे. कुणी तक्रार केली तर नोटीस येईल, मग मालक कुणाला तरी भेटून येतील, पुन्हा दोन वर्षं शांतता. असं एक दुकान असतं तर मी त्याला लबाडी म्हटलं असतं. पण कुठल्याही जुन्या बाजारातून चालत जा आणि नव्या इमारतींची शटरं मोजा. तळमजल्याच्या शटरांपैकी किती नकाशात ‘पार्किंग’ आहेत, हे माझ्यासारख्याला बाहेरूनही ओळखता येतं. खाली उतरणारा उतार असतो आणि उताराच्या टोकाला गाडीऐवजी टी-शर्टांचा सेल.

माझं म्हणणं असं आहे. प्रत्येक दुकानानं आपल्याच भूखंडावर, तक्त्यातल्या आकड्याइतक्या गाड्यांची जागा दाखवलीच पाहिजे, ही व्यापारी वापरावरची सक्ती सैल करावी. आणि त्याच वेळी रस्त्यावर फुकट गाडी लावण्याची चैन बंद करावी. दोन्ही एकदम करायला हवं. नुसतं पहिलं केलं तर गोंधळ होईल, नुसतं दुसरं केलं तर अन्याय.

आधी नियम काय आहे ते थोडक्यात. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर महाराष्ट्रातल्या शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे. तिचं पूर्ण नाव एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, आमच्या बोलण्यात ‘युनिफाइड डीसी रूल’. तिच्यात पार्किंगचं एक प्रकरण आहे आणि त्यात एक तक्ता. दुकान असेल तर किती चटई क्षेत्रामागे, म्हणजे आतल्या वापराच्या जागेमागे, किती मोटारी आणि किती दुचाकी, ऑफिसला वेगळा आकडा, खानावळीला वेगळा, दवाखान्याला, मंगल कार्यालयाला, थिएटरला वेगळा. लहान गावांना गुणक लावून आकडा खाली येतो, अगदी लहान भूखंडांना काही सवलती मिळतात. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना अडचण दिसत नव्हती असं नाही. पण सवलत ही सवलतच राहते. मूळ गृहीत तेच. धंदा म्हणजे गाड्या, गाड्या म्हणजे जागा, आणि ती जागा त्याच चौकोनात.

हे गृहीत मुळात आपलं नाही. अमेरिकेत कोलंबस शहरानं १९२३ मध्ये अपार्टमेंटना अशी अट घातली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती तिकडच्या गावोगावी पसरली. रुंद रस्ते, स्वस्त जमीन, घरटी एक मोटार. तिथे ती खपून गेली. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी सगळी कारकीर्द एकच प्रश्न विचारण्यात घालवली. हे आकडे आले कुठून? उत्तर बहुतेक वेळा हेच निघालं की शेजारच्या गावाच्या नियमावलीतून उतरवून घेतलेत. शूप २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. जाण्याआधी त्यांना एक समाधान मिळालं असेल. बफेलो शहरानं २०१७ मध्ये किमान पार्किंगची अट गावभरातून काढून टाकली, मेक्सिको सिटीनं त्याच वर्षी ‘किमान इतकं’चं ‘जास्तीत जास्त इतकं’ केलं, आणि न्यूझीलंडनं २०२० च्या राष्ट्रीय धोरणातून आपल्या शहरांना ही अट काढायला लावली. ज्यांच्याकडून आपण तक्त्याची कल्पना घेतली ते तक्ता फाडायला लागलेत आणि आपण अजून त्यात रकाने भरतोय.

आता थोडं गणित, कारण हा विषय शेवटी चौरस मीटरांचा आहे. एका मोटारीचा नुसता आयत साडेबारा चौरस मीटर. पण मोटार हवेतून येत नाही. तिला आत यायला, वळायला, मागे घ्यायला वाट लागते, तेव्हा प्रत्यक्षात एका मोटारीमागे पंचवीस-तीस चौरस मीटर जातात. मध्यम आकाराच्या किराणा दुकानाइतकी ही जागा. समजा दुकानदाराला दोन मोटारी दाखवायच्या आहेत. म्हणजे तो स्वतःच्या दुकानाएवढं दुसरं दुकान बांधतो, त्याला भाडं शून्य, आणि त्यात दिवसाचे दहा तास शक्यतो त्याची स्वतःचीच गाडी उभी असते. हा खर्च तो खिशातून करत नाही. तो मालाच्या किमतीत येतो आणि बसनं येऊन पातेलं घेणाऱ्या बाईकडूनही वसूल होतो. मोटारवाल्याच्या पार्किंगची वर्गणी ती भरते, आणि पावतीवर तसं लिहिलेलं नसतं.

पार्किंगचं बांधकाम एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या मर्यादेत, मोजलं जात नाही, हेही लक्षात घ्या. हेतू चांगला होता. परिणाम असा की उपनगरांत पुनर्विकास झालेल्या इमारतींचे खालचे मजलेच्या मजले गाड्यांचे झाले. पूर्वी जिथे न्हावी, इस्त्रीवाला, वाणी होते तिथे आता लोखंडी जाळी आणि आत अंधार. संध्याकाळी त्या फुटपाथवरून चालताना कुणाची सोबत वाटत नाही. हे मला सुरक्षिततेच्या दृष्टीनंही घातक वाटतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

कागदावरच्या पार्किंगचं नेहमी हसं होतं, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी दिल्लीत ओल्ड राजेंद्रनगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरात पावसाचं पाणी शिरून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून गेले. तळघरात वाचनालय होतं. मंजुरी होती ती पार्किंग आणि सामान ठेवण्यासाठी. ते मृत्यू पार्किंगच्या तक्त्यामुळे झाले असं मी म्हणणार नाही. गटारं, परवानग्या, देखरेख, सगळंच तिथे चुकलं होतं. पण कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं, याची सवय एकदा खात्यालाही लागली आणि मालकालाही, की कुठलं खोटं निरुपद्रवी आणि कुठलं जीवघेणं हे बघणारं कुणी उरत नाही. पाळता येणार नाही असा नियम दुसऱ्या, पाळायलाच हव्या अशा नियमांचीही पत घालवतो.

या तक्त्याचा सगळ्यात वाईट फटका बसतो तो नवं बांधणाऱ्याला नाही, तर जुन्या इमारतीत नवं काही करू बघणाऱ्याला. वापर बदलला की पार्किंगचा आकडा बदलतो. एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. ऐंशीच्या दशकातली इमारत, तळमजल्यावर एका सीएचं ऑफिस होतं, ते गेलं आणि जागा रिकामी झाली. त्यांना तिथे पोळी-भाजी केंद्र काढायचं होतं. येणारी गिऱ्हाइकं कोण? मागच्या गल्लीतले आजी-आजोबा आणि समोरच्या हॉस्टेलची पोरं. सगळी चालत येणारी. नुसता डबा भरून दिला तर ते दुकान. पण बाईंना दोन बाकडी टाकायची होती, पावसापाण्याचं कुणी बसून खाल्लं तर बरं म्हणून. बाकडी टाकली की झाली खानावळ, आणि खानावळीचा रकाना निराळा. जास्तीचं पार्किंग आणायचं कुठून? इमारतीचं साइड मार्जिन, म्हणजे बाजूची मोकळी जागा, तेवढंच, आणि त्यात सोसायटीची पाण्याची टाकी. मी त्यांना खरं तेच सांगितलं. अर्ज करू नका, बाकडीही टाकू नका, भिंतीला उंच फळी लावा. आज तिथे लोक फळीवर ताट ठेवून उभ्यानं जेवतात. कधी जवळून गेलो तर मीही दोन पोळ्या खातो, उभ्यानंच. आजोबा मंडळींना ते जमत नाही, ती डबा घेऊन घरी जातात.

याच्या उलट, तक्त्याशिवाय बाजार चालतो का? पुण्यात उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. तुळशीबाग बघा. कुठल्याही नियमावलीत बसणार नाही अशी जागा. राममंदिराभोवती अठराव्या शतकापासून वाढत आलेला बाजार, एकाही गाळ्याला स्वतःचं पार्किंग नाही, आणि शनिवारी संध्याकाळी आत शिरलं की आपल्या पायांवर आपला ताबा राहत नाही. शेजारची मंडई १८८६ ची. तिच्या आराखड्यात बैलगाड्यांचा विचार असेल, मोटारींचा असणं शक्यच नव्हतं. आजचा तक्ता लावला तर या दोन्हींना परवानगी मिळणार नाही. आपल्या शहरातला सगळ्यात जिवंत बाजार आपल्याच नियमानं आज बांधता येत नसेल, तर बाजार चुकलाय की नियम?

यावर लगेच उत्तर येतं की तुळशीबागेत येणारे आपल्या गाड्या लावतात कुठे ते बघा. खरं आहे. काही लोक मंडईतल्या आर्यन आणि मिनर्व्हाच्या वाहनतळांवर लावतात. एकेकाळी तिथे थिएटरं होती, आता गाड्यांचे मजले. बाकीचे रस्त्यावर पी-१, पी-२ या सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या पाट्या बघत फिरतात, मग जिथे घुसेल तिथे घुसवतात, आणि टोइंगच्या गाडीचा भोंगा ऐकू आला की हातातलं कापड टाकून धावतात. पण नीट बघा, या गर्दीतही उत्तर दडलेलं आहे. जे काही पार्किंग तिथे चालतं ते सगळ्या बाजाराचं मिळून चालतं. एका दुकानाचं म्हणून नाही. गिऱ्हाईक एकदाच गाडी लावतं आणि चार तास हिंडतं. बांगड्या, मग पितळ्याची समई, मग ब्लाउजपीस, मग भेळ. चार दुकानांनी प्रत्येकी एक जागा राखली असती तर तीन रिकाम्या राहिल्या असत्या, आणि बाहेर पाटी लागली असती: ‘फक्त आमच्या ग्राहकांसाठी. इतरांच्या गाड्यांची हवा सोडण्यात येईल.’ पुण्यात ही पाटी विनोद म्हणून सांगितली जाते. मला ती आपल्या नियमावलीचा सारांश वाटते.

म्हणून पार्किंग भूखंडाला बांधू नका, पेठेला बांधा. हे ऐकायला मोठं वाटतं, करायला तितकं नाही. लहान दुकानांना तक्ता लावूच नये. जपानमध्ये पार्किंगची अट मोठ्या इमारतींसाठी आहे, लहानांना ती लागूच होत नाही, आणि तोकियोच्या गल्ल्यांत धंदे बुडालेत असं कुणी म्हणत नाही. त्यापुढच्या दुकानांना स्वतःच्या जागेत, किंवा चालत पाच मिनिटांवर भाड्यानं घेतलेल्या जागेत, किंवा चार जणांनी मिळून, किंवा पैसे भरून, असा पर्याय द्यावा. आणि यातला कुठलाही पर्याय कमी प्रतीचा मानू नये.

मिळून पार्किंग वापरण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तिथेच सगळ्यात जास्त जागा वाया जाते. बँक साडेचार-पाचला गिऱ्हाइकांसाठी बंद होते, समोरचं हॉटेल सातनंतर भरतं. दोघांनी वेगवेगळं पार्किंग दाखवायचं असं नियम सांगतो. शाळेचं पटांगण संध्याकाळी रिकामं, सिनेमाचं तळघर सकाळी रिकामं. आणि मंगल कार्यालयं! लग्नाची तिथी असेल त्या दिवशी बाहेरचा रस्ता दोन्ही बाजूंनी तुंबतो, आणि चातुर्मासात त्याच कार्यालयाच्या आवारात वॉचमनची बाज आणि दोन कुत्री. बरोबर त्याच महिन्यांत, गणपतीपासून दिवाळीपर्यंत, कपड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांना जागा हवी असते. म्हणजे या गावातली पार्किंगची गरज पंचांगावर चालते, आणि तक्ता चालतो चौरस मीटरवर. कार्यालयाचे मालक आणि बाजारपेठेतले व्यापारी यांनी आपसात लेखी करार केला, तर तो नकाशासोबत जोडून पार्किंग म्हणून सहज धरता यावा. करार मोडला तर परवान्याच्या नूतनीकरणाला अडवा. याला ना नवा पूल लागतो ना निविदा.

आणि टेम्पो. तक्ता बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाइकाची मोटार असते, धंदा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माल असतो. रविवार पेठेत किंवा बोहरी आळीत सकाळी उभं राहा. एक छोटा हत्ती आडवा लागलेला, हमाल डोक्यावर खोकी घेऊन गाड्यांच्या फटींतून जातायत, मागे वीस दुचाकी हॉर्न वाजवतायत. त्या दुकानांना दोन मोटारींची जागा नको आहे. त्यांना गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांनी मिळून एक टेम्पो लागेल, माल उतरेल, वीस मिनिटांत सुटेल अशी जागा हवी आहे, आणि ती अडवणाऱ्या मोटारीला खरोखर उचलणारं कुणी हवं आहे. ज्या जागेवर मी नकाशात ‘सी-१’ लिहितो तिथे ‘माल उतरवण्याची जागा’ लिहायला मिळालं, तर मी निम्म्या वेळा तरी खरं बोललो असतो.

अपंगांच्या गाडीची जागा मात्र सैल करू नये. ती सक्तीचीच असावी, आणि दाराजवळ.

मेट्रोजवळचा प्रश्न निराळा आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडई आणि कसबा पेठेत भुयारी स्थानकं सुरू आहेत. जमिनीखाली एवढा पैसा ओतून माणसं बाजाराच्या पोटात आणायची, आणि जमिनीवर मात्र दुकानदाराला सांगायचं की मोटारींची सोय कर, याला काय म्हणावं? स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरात किमान आकडा नकोच, वरची मर्यादा हवी. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही हाच सूर आहे की शहरातली जमीन मोलाची आहे आणि पार्किंगचा दर त्या मोलाशी जुळला पाहिजे. धोरणाला वीस वर्षं होत आली.

आता आक्षेप. पहिला आणि रास्त आक्षेप असा की सक्ती काढली तर सगळ्या गाड्या रस्त्यावर येतील. दुसरा, तितकाच रास्त, की याचा फायदा बिल्डर उपटेल.

पहिल्याचं उत्तर कटू आहे. गाड्या रस्त्यावर आलेल्याच आहेत, कारण रस्ता फुकट आहे. वीस रुपये देऊन तिसऱ्या मजल्यावर कोण चढवेल, खाली फुकट मिळत असताना? मुंबईनं हे मोठ्या खर्चात शिकून घेतलं. तिथे सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या बिल्डरांना जादा चटई क्षेत्र दिलं गेलं, वाहनतळ उभे राहिले, आणि त्यांच्या खालच्या रस्त्यावर गाड्यांची रांग तशीच राहिली. शेवटी जुलै २०१९ मध्ये महापालिकेला वाहनतळांच्या ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली तर मोटारीला १०,००० रुपयांपासून पुढे दंड लावावा लागला. म्हणजे जागा बांधून प्रश्न सुटला नाही. रस्त्याला किंमत लावल्याशिवाय बांधलेली जागाही वापरात येत नाही.

आणि किंमत लावायची म्हटलं की आपली हिंमत संपते. पुण्यात २०१८ साली आरटीओच्या नोंदींतल्या वाहनांनी शहराच्या लोकसंख्येला मागे टाकलं, तशा बातम्या झळकल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये रस्त्यावरच्या सशुल्क पार्किंगचं धोरण महापालिकेच्या सर्वसाधारण सभेसमोर आलं. आंदोलनं झाली, सर्वपक्षीय ओरड झाली, आणि धोरण मंजूर झालं ते प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरतं. पुढे वर्षानुवर्षं त्या पाच रस्त्यांवरही ते उतरलं नाही. गंमत अशी की विरोध करणाऱ्यांत ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या वतीनं कुणी बोललं नाही. ‘सामान्य माणसावर बोजा’ हे वाक्य तेव्हा फार ऐकलं. सामान्य माणूस पीएमपीच्या बसमध्ये उभा होता आणि बस दुहेरी लावलेल्या मोटारींमागे उभी होती.

व्यापारी संघटनांशी माझं इथे भांडण आहे, त्यांचीच कामं करत असूनही. त्यांचं ठाम मत असतं की दुकानासमोर गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक जातं. डिसेंबर २०२१ पासून पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात, त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम ते गरुड गणपतीच्या बाजूचा पट्टा गाड्यांसाठी बंद असतो. दरवेळी आधी कुरकुर असते. त्या दिवशी मी मुद्दाम जाऊन आलोय. रस्त्याच्या मधोमध पोरं सापशिडी खेळत होती, बायका आरामात दुकानांच्या काचांत बघत होत्या. एका दिवसाच्या जत्रेवरून वर्षाचा हिशेब मांडता येत नाही, हे मला मान्य. पण एक गोष्ट बाकीच्या ३६४ दिवसांची आहे आणि व्यापारी ती खासगीत कबूल करतात. दुकानासमोर सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत जी गाडी असते ती बऱ्याचदा गिऱ्हाइकाची नसते. ती मालकाची किंवा नोकराची असते. तासाला दर लागला की पहिली ती हलेल, आणि तिच्या जागी दिवसात दहा गिऱ्हाइकं येऊन जातील.

हे व्यापाऱ्यांच्या गळी उतरवायचा एक जुना मार्ग आहे. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावाच्या जुन्या बाजारात १९९३ मध्ये मीटर बसवायचे होते, दुकानदार विरोधात. तोडगा असा निघाला की मीटरचा पैसा नगरपालिकेच्या पोतडीत जाणार नाही, त्याच रस्त्यावर खर्च होईल. फुटपाथ, दिवे, झाडं, सफाई. मग विरोध मावळला, आणि मोडकळीला आलेला तो बाजार सावरला. आपल्याकडे कुठल्याही पेठेच्या व्यापाऱ्यांना विचारा, कर भरायला त्यांची ना नसते. तो पुन्हा आपल्या गल्लीत दिसत नाही ही त्यांची तक्रार असते. त्या गल्लीतलं सार्वजनिक शौचालय त्याच गल्लीच्या पार्किंगच्या पैशातून स्वच्छ राहिलं, तर दर वाढवा म्हणायलाही ते कमी करणार नाहीत.

म्हणूनच ‘पैसे भरा आणि सुटा’ या पर्यायाला मी अटींशिवाय हो म्हणणार नाही. दिल्लीत २००६ मध्ये राहत्या भागांतल्या बेकायदा दुकानांना टाळं ठोकण्याची, म्हणजे सीलिंगची, धामधूम झाली, त्यानंतर मिश्र वापराच्या रस्त्यांवरच्या दुकानदारांकडून वाहनतळासाठी एकरकमी शुल्क घेण्याचा मार्ग काढला गेला. पैसे भरलेले व्यापारी पुढे वर्षानुवर्षं वाहनतळ कुठे आहे ते विचारत राहिले. शुल्क घ्यायचं तर त्याचं खातं वेगळं हवं, पेठेच्या नावाचं, आणि त्याचा जमाखर्च वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लागलेला हवा.

बिल्डरच्या आक्षेपाबद्दल फार लिहीत नाही. मॉल, मल्टिप्लेक्स, मोठं रुग्णालय, हजार माणसांचं आयटी ऑफिस यांना मी सैल करा म्हणतच नाही. तिथे किती गाड्या येतील याचा अभ्यास मालकाच्या खर्चानं करून घ्या आणि त्यावर आकडा ठरवा, तक्त्यावर नको. माझं म्हणणं बाजारपेठेतल्या लहान-मध्यम धंद्याबद्दल आहे. आणि खरं सांगायचं तर मोठ्या बिल्डरला आजचा तक्ता अडवत नाही. त्याच्याकडे इमारतीखाली गाड्यांसाठी चार मजली पोडियम बांधायला पैसा आहे. अडतो तो भांड्यांचा दुकानदार.

मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं की पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी होणार नाही. जपाननं हे १९६२ मध्ये केलं. त्या घोषणेवर बरीच टिंगल झाली, आणि खोटी प्रमाणपत्रं निघतील ही भीतीही खरी आहे. पण दिशा मला पटते, कारण तिच्यात जबाबदारी गाडी घेणाऱ्यावर जाते. आजवर आपण ती पातेली विकणाऱ्यावर टाकत आलो.

एक धोका मात्र माझ्याच बाजूचा आहे आणि तो लपवून उपयोग नाही. ‘लवचिक’ हा शब्द आमच्या धंद्यात फार लाडका आहे. ‘नियम लवचिक आहे’ याचा अर्थ बहुतेक वेळा साहेबांना भेटावं लागेल असाच होतो. ‘विशेष बाब म्हणून’, ‘अडचणीचा विचार करता’ अशा शब्दांनी जी सूट मिळते ती भांड्यांच्या दुकानदाराला मिळत नाही, त्याच्या मागे उभ्या असलेल्या मोठ्या फाइलला मिळते. तेव्हा मी मागतोय ती लवचिकता छापील हवी. इतक्या क्षेत्राच्या आतलं दुकान असेल तर पार्किंग शून्य, अर्ज नाही, सूट नाही, मेहेरबानी नाही. शेजाऱ्याशी करार असेल तर तो असा असा ग्राह्य. पैसे भरायचे तर दर हा. अधिकाऱ्याच्या हातात ठरवायला काही ठेवूच नका. नाहीतर आज जे मी कागदावर मोटारी काढून करतो, तेच उद्या केबिनमध्ये बसून होईल, आणि त्याचा दर जास्त असेल.

हे सगळं करायला नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली नियमावलीत फेरबदल होऊ शकतो. सूचना प्रसिद्ध होते, हरकती मागवतात, सुनावणी होते, शासनाची मंजुरी येते. फेरबदल दर थोड्या दिवसांनी होतच असतात, बहुतेक चटई क्षेत्र वाढवायला. त्या सुनावण्यांना आमच्यासारखे येतात, बिल्डरांच्या संघटना येतात. व्यापारी क्वचित. गिऱ्हाईक कधीच नाही.

पार्किंगच्या तक्त्याची अशी सूचना निघाली तर मी हरकत लिहून देणार आहे. सोबत पुरावा म्हणून एक नकाशा जोडीन. बोळाची रुंदी, समोरच्यांचा जिना, दुकानाच्या पुढच्या निम्म्या जागेत एकावर एक दोन मोटारी, ‘सी-१’ आणि ‘सी-२’. खाली खात्याचा मंजुरीचा शिक्का आहे, आणि त्याच्या डाव्या बाजूला माझी सही.